बिशप हिलरी असेपर्यंत

हौशीरामइतका खुळा माणूस आख्ख्या जुन्नर तालुक्यात मिळायचा नाही. आंबेगावात असेल एखादा, पण तिकडं शोधायला मी जाणार नाही. माझा चुलतभाऊ आहे म्हणून हे मी हक्कानं बोलतो. दुसऱ्या कुणी बोलून दाखवावं, थोबाड फोडीन त्याचं.

मी पोपट. एसटीत कंडक्टर होतो. आयुष्यभर लोकांना 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून ओरडलो, त्यामुळं माझा आवाज अजून खणखणीत आहे. बायको म्हणते, आवाज सोड, तोंड आवर. तर आमची वस्ती बोरी बुद्रुकच्या बाहेर, कुकडीच्या अंगाला. रस्त्याच्या अलीकडं आम्हा बौद्धांची घरं. पलीकडं दहा-बारा घरं कॅथलिकांची, आणि त्यांच्या टोकाला त्यांचं देऊळ. चर्चला ते देऊळच म्हणतात. पत्र्याचं छप्पर, आत सतरंजी, वर एक घंटा. देवळामागं कबरस्थान आणि कबरस्थानाच्या कुंपणाला लागून सिस्टर लोकांची इंग्रजी शाळा. ही जागा नीट ध्यानात ठेवा, सगळं रामायण तिथलंच आहे.

आमचा आजा एकच. त्याला दोन पोरं. थोरला मिशनच्या फादरच्या नादानं ख्रिस्ती झाला, त्याचा हा हौशीराम. धाकटा माझा बाप, त्यानं छप्पनच्या लाटेत दीक्षा घेतली. त्यामुळं रविवारी सकाळी रस्त्याच्या इकडं मी पंचशील म्हणायचो आणि तिकडून हौशीरामची पेटी ऐकू यायची, कायम एक सूर चुकलेली. मी त्याला म्हणायचो, "हौश्या, आमी देव सोडलं आन तुमी साह्यब धरला." तो म्हणायचा, "तुला काय कळतंय, तिकिटं फाड."

हौशीराम तिथला मास्तर. शाळेतला नव्हे, धर्माचा. म्हणजे फादर नसेल तेव्हा प्रार्थना चालवायची, पोरांना प्रश्नोत्तरं शिकवायची, मेलेल्याला माती द्यायची. फादर पूर्वी पंधरा दिवसांनी येई. मग महिन्यानं यायला लागला, मग नाताळ आणि ईस्टरला. कारण विचारलं तर म्हणायचे, फादर लोक कमी पडतात. इंग्रजी शाळेच्या गॅदरिंगला मात्र चार-चार फादर खुर्च्या अडवून बसलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत.

फार मोठा धर्मात्मा होता असंही नाही. पांढऱ्या शर्टाची हौस, नावाप्रमाणं. वाचताना शब्द गाळायचा. तरुणपणी वर घाटघरला दोन घरं ख्रिस्ती झाली होती, त्यांना जपमाळ शिकवायला हा दर आठवड्याला जायचा. वर्षभरात ती माणसं जपमाळ शिकली नाहीत, पण हौशीराम त्यांच्याकडून खेकडे धरायला शिकून आला. पुढं ती घरं पोटापाण्यासाठी कुठं ठाण्याकडं गेली, आणि यानं वस्तीत येऊन सांगितलं की घाटघरचं काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं. असा माणूस.

पण बिशप म्हटलं की याच्या अंगात यायचं. बिशप म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा साहेब, आख्ख्या धर्मप्रांताचा धनी. दोन-तीन जिल्ह्यांची देवळं, शाळा, जमिनी, फादर, सगळं त्याच्या हाताखाली. धर्मप्रांताची मागं एक स्मरणिका निघाली होती, गुळगुळीत कागदाची. पान-पानभर एकेका बिशपचा फोटो, जन्म कुठं, शिक्षण कुठं, रोमला कधी गेले. आमच्या वस्तीवर त्यात एक ओळ होती, 'एक ग्रामीण केंद्र'. हौशीराम ती ओळ घरोघरी दाखवत हिंडला. मी म्हटलं, "आरं, नाव तरी हाय का गावाचं?" तर म्हणतो, "केंद्र म्हंजी आपुनच की."

आम्ही रस्त्याच्या इकडचे लोक त्यांचा इतिहास वाहनांवरून ओळखायचो. पहिला बिशप दाढीवाला, परदेशी, सायकलवरून यायचा. माझा बाप सांगायचा की तो मराठी शिव्यासुद्धा शुद्ध द्यायचा. दुसरा जीपमधून आला, पुढच्या सीटवर कुत्रं बसलेलं आणि फादर मागं. पाया पडायला वाकलेल्या, पलीकडच्या वस्तीतल्या ठमाबाईच्या हातावर ते कुत्रं गुरगुरलं, तर बिशप कुत्र्यालाच चुचकारत बसला. तिसरा म्हणजे हिलरी, पांढऱ्या मोठ्या गाडीतून. हसरा माणूस, गोड बोलणारा. लोकांच्या पोरांची नावं विचारायचा आणि गाडीत बसेपर्यंत विसरायचा. यातल्या एकाचंही आडनाव आमच्याकडचं नव्हतं. इतक्या वर्षांत या वस्त्यांमधून हाडाचा मराठी बिशप त्यांना कधी सापडला नाही. झाडायला माणूस मात्र दर वेळी आमच्यातलाच सापडायचा.

हिलरी आला की जेवण हौशीरामच्या घरी. त्याची बायको प्रयागबाई, माझी वहिनी. तिच्या हातची बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हिलरीला लई आवडायची. वहिनी देवळाची सगळी कामं करायची, वेदीवरचं पांढरं कापड धुऊन, कांजी करून, कडक इस्त्री मारून ठेवायची. हौशीराम मिरवायचा आणि वहिनी राबायची, सगळ्यांच्या घरात असतं तसंच.

ती वारली त्या दिवशी हिलरी योगायोगानं शेजारच्या शाळेत होता, पोरांच्या दृढीकरणाला, म्हणजे श्रद्धा पक्की करायच्या विधीला. फादर म्हणाला, बिशप साहेबांना त्रास नको, मी उरकतो. हौशीराम तसाच उठला, अनवाणी, आणि शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर जाऊन उभा राहिला. हिलरी आला. त्याचं श्रेय मी त्याला देतो, आला तो. जांभळा पट्टा, डोक्यावर ती छोटी टोपी, आणि आमच्या मुरमाड मातीत बूट. मी तिथंच होतो.

माती लोटायच्या आधी हौशीरामनं हात जोडले. तेव्हाच कुजबूज सुरू झाली होती की शाळेला ही जागा पाहिजे. तो म्हणाला, "साह्यब, शाळावाली म्हनत्यात हितं बसगाड्या लावायच्यात. माझी बायकू हितं हाय आता."

हिलरीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "हौशीराम, मी बिशप असेपर्यंत या जमिनीला कुदळ लागणार नाही."

बाया रडल्या. हौशीराम त्याच्या बोटातल्या बिशपच्या अंगठीवर डोकं टेकवून रडला. मी आपला मनात म्हटलं, बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. पण माती देताना असलं बोलायचं नसतं, म्हणून गप्प बसलो.

पुढं दोन-तीन वर्षांत हिलरी निवृत्त झाला. बिशपलासुद्धा रिटायरमेंट असते, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडं अठ्ठावन्नला नारळ द्यायचे, त्यांच्यात पंच्याहत्तरीला. नवा आला, बिशप रेजिनाल्ड. त्याच्या गादीवर बसण्याचा सोहळा मोबाईलवर लाईव्ह होता, आणि हौशीरामनं तो माझ्याच ओट्यावर बसून, माझ्या पोराच्या, कपिलच्या फोनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. टोपी कुणी घातली, काठी कुणी दिली, सगळं मला समजावून सांगितलं.

आणि त्यानंतरच्या रविवारी देवळात प्रार्थना आली. त्यांच्यात एक रीत आहे. मिस्सा, म्हणजे फादर करतो ती मोठी पूजा, असो की मास्तरची नुसती प्रार्थना, पोपसाठी आणि आपल्या बिशपसाठी नाव घेऊन मागणं करायचं. मास्तर म्हणणार आणि लोक मागून म्हणणार, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे." हौशीराम म्हणाला, "आमचे बिशप हिलरी यांच्यासाठी..."

पहिल्या वेळी लोकांना वाटलं, चुकला. दुसऱ्या वेळी वाटलं, सवय आहे. वर्ष झालं तरी हिलरीच. फादरनं नाताळला कान टोचले, "मास्तर, बिशप बदलले." हा म्हणाला, "व्हय फादर." पुढच्या रविवारी पुन्हा हिलरी. मग पोरं हसायला लागली. म्हातारा चळला म्हणाली. ठमाबाई तेवढी मोठ्यांदा म्हणायची, "ऐकून घे." तिला कुणाचंही नाव चालतं, तिला फक्त कुत्र्याचा बिशप चालत नाही.

मला हे सहन होईना. मी त्याला बांधावर गाठलं. "काय रं, तुझं डोकं ठिकाणावर हाय का? माझ्या ओट्यावर बसून समदा सोहळा बघितलास न्हवं?"

"बघितला."

"मग त्यो हिलरी का उगाळत बसलायस?"

हौशीरामनं इकडंतिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "पोपट्या, ट्रेनिंगला आमाला शिकवलं व्हतं. येदीपाशी ज्याचं नाव घेत्यात, त्यो तिथला बिशप. आन हिलरी साह्यब काय बोलले व्हते? मी बिशप असेपर्यंत."

म्हणजे या बेट्यानं एका रिटायर माणसाला आमच्या वस्तीपुरता गादीवर बसवून ठेवला होता! रोममध्ये पोपनं सही केली, आख्ख्या धर्मप्रांतात नाव बदललं, पण बोरीच्या पत्र्याच्या देवळात अजून हिलरीचंच राज्य. कारण त्याचं राज्य संपलं की वचन संपतं, आणि वचन संपलं की वहिनीच्या अंगावर कुदळ.

"आरं गाढवा," मी म्हटलं, "तू नाव घेतल्यानं त्यो बिशप ऱ्हातो व्हय? मग मी बी रोज म्हनतो, मी डेपो म्यानेजर."

"तुझ्या मागनं कोन म्हनतंय 'ऐकून घे'?" असं बोलला आणि गेला निघून. याचा राग मला आठवडाभर होता.

अशी वर्षं गेली. शाळा वाढली. द्राक्षवाल्यांची, टोमॅटोवाल्यांची पोरं खोडदपासून पिवळ्या बसमधून यायला लागली. वस्तीतल्या कॅथलिकांची पोरं मात्र झेडपीच्या शाळेत, कारण आपल्याच धर्माच्या शाळेत आपल्याला परवडत नाही. बसगाड्यांना वळायला जागा पुरेना. मग गेल्या वर्षी फादरनं देवळात जाहीर केलं की कबरस्थान हलवायचं. हाडं सन्मानानं काढून मोठ्या मिशनच्या कबरस्थानात एका जागी ठेवणार, वर एक भला मोठा क्रूस. नव्या जागेला आशीर्वाद द्यायला बिशप रेजिनाल्ड स्वतः येणार. सन्मान हा शब्द फादरनं तीनदा वापरला. जिथं सन्मान असतो तिथं तो इतक्यांदा सांगावा लागत नाही.

आला रेजिनाल्ड, आधी आमच्या वस्तीच्या देवळात प्रार्थनेला. त्यांच्या सोहळ्याला मी एरवी जात नाही, पण त्या दिवशी मागं जाऊन उभा राहिलो. प्रार्थना वाचायचं काम हौशीरामकडून काढून शाळेतल्या एका बाईंना दिलं होतं. बाईंनी सुरुवात केली, "आपले बिशप रेजिनाल्ड..." आणि पेटीमागून हौशीराम उठला. पांढरा शर्ट, आणि आवाज माझ्यापेक्षा मोठा.

"आमचे बिशप हिलरी यांच्यासाठी, त्यांनी दिलेल्या शब्दासाठी, आपण प्रार्थना करू."

सुतळी बॉम्ब फुटल्यावर होतं तसं सगळं चिडीचूप. आणि त्या शांततेत ठमाबाई म्हणाली, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे." तिच्यामागनं वस्तीतल्या सगळ्यांनी म्हटलं. सवय हो, दुसरं काय.

रेजिनाल्ड रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला, खाली आला, हौशीरामच्या डोक्यावर हात ठेवला आणि शाळेच्या बाईंकडं बघून म्हणाला, "बाबा थकले आहेत."

"थकलं न्हाईत!" ठमाबाई कडाडली. "हिलरी बिशपनं शबूद दिलाय. आमी समदी व्हतो. ह्यो पोपट बी व्हता, त्यो तर तुमचा बी न्हाई, खोटं कशाला बोलंल?"

सगळे माझ्याकडं वळले. मी म्हटलं, "दिलाय. माझ्या ह्या कानांनी ऐकलंय."

मग रेजिनाल्ड गंभीर झाला. बरा माणूस वाटला मला त्या घडीला, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "वडीलधाऱ्या बिशपांचा शब्द मी मोडणार नाही. हिलरी साहेब पुण्यात असतात. त्यांनी मला एक फोन करून सांगितलं की होय, मी असं म्हणालो होतो, तर मी हे काम थांबवतो. सगळ्यांसमोर सांगतो."

हौशीराम माझ्याकडं असा बघत होता की काय सांगू. "बघ," म्हणाला, "हाईत न्हवं अजून बिशप?"

दोन दिवसांनी आम्ही पुण्याला गेलो, एसटीनं, फुकट. पंच्याहत्तरी ओलांडल्याचा तेवढा एकच फायदा सरकारनं दिलाय. हौशीरामनं पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. भाकरी माझ्या सुनेनं, प्रतीक्षानं थापली. चटणी यानं स्वतः कुटली, वहिनी कुटायची तशी. वाटेत मंचरपर्यंत तो बोलत होता, पुढं गप्प झाला. मी विचारलं, "घाबारलायस व्हय?" म्हणाला, "न्हाई. साह्यबांना काय म्हनायचं त्ये ठरवतोय."

म्हाताऱ्या फादरांसाठी त्यांचं एक घर आहे तिथं. बाग, पंखे, फरशी अशी की चप्पल काढून चालावंसं वाटावं. हिलरी खिडकीपाशी आरामखुर्चीत बसला होता, टीव्हीवर क्रिकेट. जांभळा पट्टा नाही, टोपी नाही, साधा पायजमा. चांगला तरतरीत होता. हौशीराम गुडघ्यावर बसला आणि त्याची अंगठी शोधायला लागला. अंगठी होती बोटात. ती काही काढून घेत नाहीत वाटतं.

"बोरी," हिलरी म्हणाला. "बोरी... हां, हां. भाकरी!"

हौशीरामनं डबा उघडला. हिलरीनं चटणी चाखली, डोळे मिटले, वा म्हणाला. मग हौशीरामनं सगळं सांगितलं. न अडखळता सांगितलं, मला नवल वाटलं. दर रविवारी तुमचंच नाव घेतो, साहेब. नव्या साहेबांचं एकदाही घेतलं नाही. तुम्हीच आमचे बिशप.

हिलरीनं टीव्हीचा आवाज कमी केला. "अजून? माझं नाव?"

"दर ऐतवारी."

"सगळे म्हणतात?"

"समदे. ऐकून घे, म्हनत्यात."

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, या घरात रोज मिस्सा होते, तिथंही रेजिनाल्डचं नाव घेतात, माझं कुणी घेत नाही. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या फादरला हाक मारून बोलावलं आणि हौशीरामला पुन्हा सगळं सांगायला लावलं. मग मलाही विचारलं, "तुम्ही पण ऐकलंय?" मी म्हटलं, "रस्त्यापलीकडनं ऐकू येतंय साह्यब, आवाज मोठाय त्याचा." आणि मग मीच विषय काढला, कारण हा हौशीराम नुसता हात जोडून हसत बसला होता. "तेवढा रेजिनाल्ड साह्यबांना एक फोन करा. मी बोललो व्हतो, एवढंच सांगा."

हिलरीचा हात डब्यावर थांबला.

"मी बोललो असेन," तो म्हणाला. "मातीच्या वेळी माणूस धीर द्यायला बोलतो."

"बोलला व्हता," हौशीराम म्हणाला. "मी बिशप असेपर्यंत, म्हनला व्हता."

"हो, पण आता मी नाही ना बिशप." मग समजावणीच्या सुरात, पोरांना सांगावं तसं, "हे बघ, आमच्यात एक शिस्त असते. निवृत्त माणसानं नव्या माणसाच्या कारभारात तोंड घालायचं नाही. मी फोन केला तर त्यांना वाटेल, म्हाताऱ्याला खुर्ची सुटत नाही. बरं दिसत नाही ते."

मी ताडकन उठून उभा राहिलो. "आवो, त्यांनीच सांगितलंय फोन करा म्हनून! एक फोन! हितं टेबलावर पडलाय तुमचा!"

"पोपटराव, तुम्ही बाहेरचे आहात. तुम्हाला नाही कळायचं."

डब्याचं झाकण लावावं की डबा तिथंच ठेवावा, हे हौशीरामला ठरवता येत नव्हतं. शेवटी ठेवला. आम्ही दारापर्यंत आलो तर मागून हिलरीचा आवाज आला, "हौशीराम, पण माझं नाव घेत राहा हं. थांबवू नको."

अरे, काय ही माणसं! सगळं बरं दिसलं पाहिजे, आणि शब्द तेवढा दुसऱ्यानं सांभाळायचा. सायकलवाल्यापासून गाडीवाल्यापर्यंत इतिहास लिहितात यांचा, गुळगुळीत कागदावर. एक फोन उचलवला नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यालासुद्धा निदान ओरडावं लागतं. मी स्टँडपर्यंत शिव्या देत चाललो होतो. हा एकदाच म्हणाला, "चटनी आवाडली त्यांना." त्या वेळी मला त्याला बडवावंसं वाटत होतं.

रविवारी बिशपसाठीची प्रार्थना आली तेव्हा हौशीराम थांबला. ठमाबाईनं ढोसलं, "म्हन की पुढं." तो थेट पावसाच्या प्रार्थनेवर गेला. त्यानंतर देवळात त्यानं कुठल्याच बिशपचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही.

जेसीबी आला तेव्हा फादरनं मोठ्या मिशनकडं जायला टेम्पो आणला होता. आत लाकडी पेट्या. एकेका घरानं आपापली हाडं पेटीत ठेवली, फादर पवित्र पाणी शिंपडत होता आणि शाळेच्या बसचे ड्रायव्हर कुंपणापलीकडून बघत होते. हौशीरामनं जेसीबीला वहिनीच्या जागेजवळ येऊ दिलं नाही. स्वतः खणलं. पिंपरीला दिलेली त्याची पोरगी आली होती, तिनं आणि ठमाबाईनं हात लावला. त्यानं वेदीवरचं पांढरं कापड आणलं होतं, वहिनी धुवायची त्यातलं एक. फादर म्हणाला, मास्तर, ते वेदीचं आहे. हौशीरामनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गाठोडं बांधलं, उरापाशी धरलं, आणि टेम्पोत चढायच्या ऐवजी तो रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. फादर हाका मारतोय, पोरगी 'बाबा, बाबा' करतीय, आणि हा उभा. एका मोठ्या क्रूसाखाली सगळ्यांच्या हाडांत वहिनीला ढकलायला त्याचे पाय तिकडं वळेनात, आणि दुसरीकडं न्यायला वीतभर जागा त्याच्या नावावर नाही.

मी ओट्यावरून उतरलो. "हौश्या, इकडं आन वहिनीला. माझ्या वावरात, बांधाला. जांभळीखाली सावली हाय. पंचायत काय म्हनायची ती म्हनूंदे, मी बगतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं. आम्ही जाळणारे लोक, आमच्यात मातीत ठेवत नाहीत, हे त्याला माहीत होतं. मला वाटलं, आता रडेल, गळ्यात पडेल.

"कुदळ न्हाई लागनार?" त्यानं विचारलं.

"मी हाय तवर कुनाची छाती हाय!" मी ओरडलो.

हौशीराम एक पाऊल मागं सरला. "मग नगं," म्हणाला.

"नगं म्हंजी?"

"तू हाईस तवर नगं, पोपट्या. कपिलला बोलीव."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एका परक्या साहेबाच्या एका वाक्यावर हा माणूस इतकी वर्षं जगला, आणि माझ्या तोंडच्या शब्दाला, एका आज्याच्या रक्ताला, पुरावा मागतो? जमीन गेली, देवळामागचं कबरस्थान गेलं, त्याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. हौशीराम कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा, घाटघरच्या खेकडेवाल्यांच्यासुद्धा. तेवढी एकच गोष्ट त्याच्याकडं होती, आणि ती त्या हिलरीनं चटणीसोबत खाल्ली.

कपिल आला. त्याला काय झालंय ते सांगावं लागलं नाही. हौशीरामनं त्याला विचारलं, "कपिल, तुजा बाप गेल्यावर?"

कपिल म्हणाला, "नाना, वावर माझ्या नावावर व्हईल तवा बी ती तिथंच ऱ्हाईल. माझ्या पोरांना बी सांगून ठिवीन. चला."

हौशीराम चालायला लागला. मला रडू आलं होतं, म्हणून मी फावडं आणायच्या निमित्तानं घरात गेलो. जांभळीखाली कपिलनं आणि मी खणलं, ठमाबाई कडेला बसून जपमाळ म्हणत होती. मी दोनदा म्हटलं, हौश्या, ठेव की जरा खाली, हात दुखतील. खड्डा पुरा होईपर्यंत त्यानं गाठोडं खाली ठेवलं नाही.